शिकार कुणाची, सुरी कुणाची?

बीडजवळ करजणीच्या टेकडीवर एक जुनी वास्तू आहे. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक या बाजूला तळ देऊन होता. त्याचा एक दात पडला. तो दात त्याने इतमामाने पुरला आणि वर कबर बांधविली, असे सांगतात. ही हकीकत आमच्याकडे शाळेतले पोरही सांगते. मी इतिहासाचा प्राध्यापक आहे. विद्यार्थ्यांना घेऊन त्या टेकडीवर जातो तेव्हा दर वेळी एक विचार मनात येतो. ज्या मातीत राजाच्या पडलेल्या दाताला कबर मिळाली, त्या मातीत हजारो माणसांच्या हातांतली हत्यारे भंगारात गेली आणि त्यांची साधी नोंदही कुणी ठेवली नाही. इतिहासाला सारेच आठवत नसते, हे मला मान्य आहे. परंतु त्याला काय आठवते आणि काय आठवत नाही, हे कोण ठरवितो, हा आपला प्रश्न आहे.

हा प्रश्न माझ्या घरात शिरला तो एका प्रदर्शनाच्या निमित्ताने. आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने जिल्ह्यातील जुन्या अवजारांचे प्रदर्शन मांडायचे ठरविले. कुणी तिफण आणली, कुणी जाते, कुणी तलवार. एका घरातून शिकारीचे जुने छायाचित्र आले. बंदूक उभी धरलेला एक जमीनदार आणि त्याच्या पायाशी बिबट्या. छायाचित्राच्या कडेला तीन माणसे उकिडवी बसलेली होती. त्यांचे चेहरे पुसट होते. मी ते वडिलांना दाखविले. त्यांनी बिबट्याकडे पाहिले नाही, जमीनदाराकडेही पाहिले नाही. त्या तीन माणसांवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे सोलणारे."

माझा आजा असाच सोलणारा होता. बालाघाटाच्या डोंगरात निजामी राजवटीच्या अखेरच्या काळात आणि पुढेही काही वर्षे जमीनदार-अंमलदारांच्या शिकारी चालत. हरीण, रानडुक्कर, एखादे वेळी बिबट्या. रान उठवायला महारवाडा-मांगवाडा जाई. हाकारा घालणारा तोच, पडलेले जनावर खांद्यावर वाहून आणणारा तोच आणि सोलणाराही तोच. आजाची सुरी आमच्या घरात पेटीत आहे. ती प्रदर्शनात ठेवावी असे मी म्हणालो. वडील म्हणाले, "नाही." मी कारण विचारले. ते उठून बाहेर गेले. ते कारण मला बऱ्याच दिवसांनी कळले. ते पुढे सांगेन. आधी हत्यारांबद्दल बोलू.

शिकार केलेले मोठे जनावर जागेवरच उघडावे लागते. त्याच्या अंगात उष्मा कोंडलेला असतो. उन्हाळ्यात दोन-तीन तास गेले तरी पोट फुगते, मांस आंबते, कातड्याचे केस सुटू लागतात. म्हणून सोलणाऱ्याच्या हातात त्या घडीला योग्य हत्यार हवे. आजाकडे तीन हत्यारे होती. पहिली छोटी, टोकदार सुरी, चार बोटे पात्याची. ती फक्त उघडण्यासाठी. कातड्याला पहिला छेद द्यायचा, दोन बोटे आत घालून कातडे वर उचलायचे आणि पाते आकाशाकडे करून आतून बाहेर कापत जायचे. बाहेरून आत कापले तर केस कापले जातात, ते मांसाला चिकटतात आणि धार मरते ती वेगळीच. शिवाय टोक खोल गेले तर कोथळा फुटतो आणि सारे मांस नासते. पित्ताची पिशवी फुटली तर जिथे पित्त लागेल ते मांस कडू.

दुसरी सुरी रुंद पात्याची, पोट सुटलेली, टोक मुद्दाम बोथट केलेले. ती कातडे सोडविण्यासाठी. टोकदार सुरीने कातडे सोडवू गेले तर त्याला भोक पडते आणि भोक पडलेल्या कातड्याची किंमत उतरते. जाणता सोलणारा सुरी कमी चालवितो. छेद दिल्यावर तो मूठ वळून कातडे आणि मांस यांच्यामध्ये दाबत जातो. कातडे आपोआप सुटते. जिथे ते चिकटून राहील तिथेच पाते लावायचे. तिसरे हत्यार म्हणजे हातकुऱ्हाड. छातीचे हाड आणि मागचे कमरेचे हाड तेवढे तिने फोडायचे. पाय मात्र कुऱ्हाडीने तोडायचे नाहीत. सांधा चाचपून तो सुरीनेच सोडवायचा. हाड फुटले की त्याच्या कपच्या मांसात जातात.

त्या सुऱ्यांचे लोखंड कुठले? लोहाराकडे झिजून निकामी झालेली कानस असे. कानशीचे पोलाद कडक, धार धरणारे. पण पाणी जास्त चढले की पाते ठिसूळ होते आणि सांध्यात मोडते. आजा लोहाराच्या भट्टीसमोर उभा राहून सांगायचा, म्हणे, "लई कडक करू नको, दगडावर धार निघाया पायजे." मूठ बाभळीची. तिच्यावर चामड्याची वादी गुंडाळलेली, कारण चरबीने हात माखला की नुसती लाकडी मूठ निसटते आणि स्वतःचाच तळवा कापला जातो. कमरेला धार लावायचा दगड. एका मोठ्या जनावराला तीन-चार वेळा धार लावावी लागे. वडील सांगतात, आजाचे एक वाक्य होते, "बोथट सुरी धन्याला कापती." इथे धनी म्हणजे सुरीचा धनी. दुसऱ्या कोणत्याही अर्थाने आजाला धनी म्हणवून घेता आले नाही.

हे सारे ज्ञान आहे. ते पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात आले. जनावराच्या देहाची रचना, उष्म्याचे गणित, पोलादाचा स्वभाव, कातड्याचा बाजारभाव हे सर्व त्यात आहे. हेच ज्ञान गोऱ्या शिकाऱ्याने लिहिले तेव्हा त्याचे शास्त्र झाले. लंडनच्या रोलँड वॉर्डने १८८० साली शिकारीची जनावरे सोलावी कशी, टिकवावी कशी, यावर पुस्तक काढले. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. म्हैसूरला व्हॅन इंगेन कुटुंबाचा कारखाना विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९९९ पर्यंत चालला. राजेरजवाड्यांचे वाघ-बिबटे तिथे पेंढा भरून उभे केले गेले. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात शिकाऱ्यांचे अनुभव छापले गेले. गोळी कोणती, बंदूक कोणती, जनावर किती फूट किती इंच, हे सारे नोंदले गेले. पण रानात, उन्हात, माश्यांच्या घोंगावण्यात बसून ते कातडे भोक न पाडता कुणी उतरविले, हे विचारा. उत्तर बहुतेक वेळा 'माणसांनी' एवढेच मिळेल. त्या माणसांना नाव नाही.

१९०२ साली व्हाइसरॉय कर्झन निजामाच्या राज्यात वरंगळच्या बाजूला शिकारीला आला होता. मेलेल्या वाघामागे उभे असलेले कर्झन पतिपत्नी, हे छायाचित्र राजा दीनदयाळ यांच्या नावावर आहे आणि जगभर छापले गेले आहे. आमचा मराठवाडा त्याच राज्याचा भाग. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जहांगीर आणि नूरजहान यांच्या नावाच्या कट्यारी काचेत ठेवल्या आहेत. मुठीवर रत्ने आहेत. मी त्या काचेसमोर उभा राहून विचार केला की, या कट्यारीने कधी काही कापले असेल का? आणि ज्या सुरीने शेकडो जनावरे उघडली ती आमच्या पेटीत फडक्यात गुंडाळून आहे.

इथपर्यंत वाचून एखादा सुशिक्षित मित्र म्हणेल, वा, मग हा तर दलितांच्या कौशल्याचा गौरव झाला. या गौरवापासून सावध राहिले पाहिजे. गावगाड्याचे गोडवे गाणारेही असेच बोलतात. प्रत्येकाकडे आपापली कला होती आणि प्रत्येकाला आपापला वाटा होता, असे ते म्हणतात. तो वाटा तपासून पाहू.

शिकारीतले जनावर हे वर्षातून पाच-सात वेळांचे काम. बाकी वर्षभर आजाची सुरी चालायची ती गावात मेलेल्या ढोरांवर. आणि शिकार व पड यांत एक भेद आहे. तो कोणत्याही शिकारीच्या पुस्तकात सापडणार नाही, कारण ते पुस्तक लिहिणाऱ्यावर तशी वेळच आली नाही. शिकारी जे जनावर उघडतो ते त्याने स्वतः मारलेले असते. घटकेपूर्वी ते धडधाकट होते, हे त्याला ठाऊक असते. गावातले ढोर मात्र कशाने मेले, हे सोलणाऱ्याला ठाऊक नसते. काळपुळीने मेलेले जनावर उघडू नये, हे आज पशुवैद्यक शास्त्र सांगते. अचानक मेलेले, नाकातोंडातून काळे रक्त आलेले जनावर तसेच खोल पुरावे किंवा जाळावे. ते उघडले की रोगाचे बीज हवेला लागते, मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि सोलणाऱ्याच्या हातावरच्या एवढ्याशा खरचटीतून अंगात शिरते. तिथे फोड येतो, त्याला मध्यभागी काळी खपली धरते. उपचार झाला नाही तर माणूस जाऊ शकतो. शिकारी म्हणू शकतो, हे जनावर मला बरे दिसत नाही, राहू द्या. महार तसे म्हणू शकत नव्हता. ढोर गोठ्यात मेले की पाटलाचा सांगावा येई आणि जावे लागे. गेले नाही तर बलुते बंद, गावाची वाट बंद.

म्हणजे आजाला सुरी निवडता येत होती. पाते किती लांब, टोक कसे, पाणी किती, यात त्याच्याइतका जाणकार पंचक्रोशीत नव्हता. पण कोणते जनावर उघडायचे आणि कोणते नाही, हे त्याला निवडता येत नव्हते. उघडायचे की नाही, हे तर मुळीच नाही. कौशल्याचा गौरव करणारे नेमकी ही गोष्ट गाळतात.

बिदरच्या बादशहाने अमृतनाकाला दिलेल्या म्हणून ज्या बावन्न हक्कांची परंपरा सांगितली जाते, त्यांत मेलेल्या जनावराच्या कातड्याचा हक्क मोजला आहे. ओझे लादायचे आणि त्याला हक्काचे नाव द्यायचे, ही गावगाड्याची जुनी रीत. बाबासाहेबांनी ती रीत ओळखली. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मृत मांस सोडा, मेलेली ढोरे ओढणे सोडा, असे सांगितले. तेव्हा शहाण्या लोकांनी हिशेब मांडला, की महारांनी कातडी, शिंगे, हाडे सोडली तर त्यांचे वर्षाला इतके नुकसान होईल. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या हिशेबाची आठवण काढली. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, पैसे मी देतो, असे आपण त्यांना उत्तर दिले होते, असे त्यांनी सांगितले. फायद्याची गोष्ट सांगणारा एकही माणूस सुरी घेऊन पुढे आला नाही.

आमच्या जिल्ह्याला लागून, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली. ते वारे बालाघाटावरही आले. धर्मांतरानंतर आमच्या वस्तीने एकत्र बसून ठराव केला. ढोर ओढायचे नाही, सोलायचे नाही, पडीचे खायचे नाही. आजाने सुरी फडक्यात गुंडाळली आणि आढ्याला खोचली. गावाने बलुते बंद केले, कामाला बोलावणे बंद केले. वस्ती हटली नाही. इथपर्यंतची कथा मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती अभिमानाने सांगण्यासारखी आहे आणि मी ती व्याख्यानांतून सांगितलीही आहे.

वडिलांनी जे सांगितले ते पुढचे आहे. १९७२ चा दुष्काळ. विहिरी आटल्या, चारा संपला, गावोगाव ढोरे मरू लागली. वडील तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. घरातले सारे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, सुकडीवर दिवस काढत. मध्ये काही दिवस कामही मिळेना. धाकट्या आत्याला ताप होता. एके रात्री आजाने आढ्यातून सुरी काढली. दगडावर धार लावल्याचा आवाज वडिलांनी अंथरुणात ऐकला. आजा पहाटे परत आला. त्याने दुसऱ्या गावच्या शिवारात पडलेले ढोर सोलले होते आणि कातडे तिथेच एका माणसाला विकले होते. मांस आणले नाही. त्या पैशांची ज्वारी आली. आजाने ती खाल्ली नाही, दोन दिवस नुसते पाणी प्यायला. मग त्याने आजीला सांगितले, "ही सुरी पुन्ना माझ्या हातात देऊ नको." आजीने ती पेटीच्या तळाशी ठेवली. तेव्हापासून ती तिथेच आहे.

"वस्तीला हे ठाऊक नव्हतं," वडील म्हणाले. "तू काचंत ठेवशील, लोक म्हणतील काय कारागीर व्हता तुझा आजा. मला ती धारच ऐकू येती रं."

मी काही बोलू शकलो नाही. मी इतिहास शिकवितो. नकाराचा इतिहास मी आजवर एका दिवसाचा म्हणून शिकवीत आलो. परिषद झाली, ठराव झाला, समाजाने काम सोडले, झाले. माझ्या आजाने मात्र हा नकार पंधरा वर्षे पाळला, एका रात्री तो मोडला आणि मग मरेपर्यंत पुन्हा पाळला. त्या एका रात्रीमुळे त्याचा नकार खोटा ठरतो का? मला उलटे वाटते. ज्याला हातातली विद्या विकून पोर जगविता येते, त्याने ती विद्या आढ्याला खोचून ठेवायची म्हणजे काय, हे मला त्या रात्रीच्या हकिकतीने कळले. नाकारायला नुसते धैर्य पुरत नाही, पोटाला दुसरा आधार लागतो. तो आधार न देता नकाराची अपेक्षा करणारे आणि तो मोडला म्हणून हिणविणारे, दोघेही सारखेच.

वडिलांनी सुरी हातात घेतली नाही. ते कारखान्यांवर ऊस तोडायला गेले. तिथे मुकादम उचल देतो ती जोडीला देतो, आणि नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात 'एक कोयता'. म्हणजे आमच्या एका पिढीला निदान सोलणारा म्हणत होते. पुढच्या पिढीत माणसाचे नाव गेले आणि हत्याराचेच नाव माणसाला लागले. माझे शिक्षण त्या कोयत्यावर झाले, हे मी विसरू शकत नाही.

ही केवळ आमच्या वस्तीची गोष्ट नाही. आष्टी-पाटोद्याकडचे फासेपारधी फास आणि जाळे घेऊन शिकार करणारे, रान जाणणारे. १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची वाट इंग्रजांनी मोकळी केली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कागदावर हा शिक्का पुसला गेला, पोलिसांच्या मनातून नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण ज्यांनी हौसेने वाघ मारले त्यांची छायाचित्रे दिवाणखान्यात राहिली आणि पारध्याच्या झोपडीत सापडलेली सुरी मात्र पुरावा ठरली. तिकडे गुजरातेत उनाजवळ ११ जुलै २०१६ रोजी मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघडे करून मारले. सोलले नाही तर बहिष्कार आणि सोलले तर मार. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरे सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर नेऊन टाकली आणि ज्यांची माता त्यांनीच उचलावी, असे बजावले. महाडला उठलेला प्रश्न नव्वद वर्षांनी पुन्हा त्याच रस्त्यावर उभा राहिला.

आमचे प्रदर्शन झाले. आजाची सुरी त्यात ठेवली नाही. वडिलांचे म्हणणे मी मोडले नाही. पण ते छायाचित्र ठेवले आणि त्याखालच्या चिठ्ठीत जमीनदाराचे नाव व बिबट्याची लांबी न लिहिता एवढेच लिहिले की, कडेला बसलेली तीन माणसे सोलणारी आहेत, त्यांची नावे कुणी सांगितली तर लिहून घेऊ. तीन दिवसांत कुणी नाव सांगितले नाही. चौथ्या दिवशी एक म्हातारी आली. चिठ्ठी तिला वाचता येत नव्हती, नातवाने वाचून दाखविली. ती बराच वेळ छायाचित्राकडे पाहत राहिली आणि मधल्या माणसावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो माझा मामा वाटतो." खात्री नव्हती, म्हणून नाव लिहिले नाही. तिचे म्हणणे मात्र लिहून ठेवले आहे.

वाचकांना माझी एक विनंती आहे. आपापल्या घरांतली हत्यारे, सुरी, रापी, आरी, कुऱ्हाड, भंगारात जाण्यापूर्वी त्यांची हकीकत लिहून काढा. लोखंड कुठले, धार कशी, कोणत्या कामाला, हे लिहाच. त्यासोबत हेही लिहा की, त्या कामाचे काय मिळत होते, ते काम नाकारता येत होते का, आणि नाकारले तेव्हा काय झाले. आपल्या घरात एखादी अशी रात्र असेल तर तीही लिहा. वडिलांना हा लेख मी वाचून दाखविला. ते म्हणाले, "आत्याचं नाव घालू नको. बाकी ऱ्हाऊ दे." ते राहू दिले आहे.